परत बोलावणारे पत्र

धर्मगुरूच्या वाट्याला परक्यांची पत्रे वाचण्याचे काम फार येते. घरात लिहितेवाचते कोणी नसले, किंवा असूनही त्यांना वेळ नसला, की वृद्ध माणसे पत्र घेऊन आमच्या ओसरीवर येतात. बँकेची नोटीस, तलाठी कार्यालयाचा कागद, विम्याचे हप्ते, परदेशी गेलेल्या मुलाच्या कंपनीचे इंग्रजी पत्र, असे नाना प्रकार आम्ही आजवर वाचून दाखविले आहेत. अलीकडच्या वर्षांत त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. मोटार बनविणाऱ्या कंपनीकडून ते पत्र येते. भाषा अतिशय सभ्य असते. आपण आमच्याकडून अमुक साली घेतलेल्या गाडीतील एका भागात दोष असण्याची शक्यता आहे, तरी गाडी जवळच्या सर्व्हिस सेंटरवर आणावी, तो भाग विनामूल्य बदलून देण्यात येईल, एवढाच त्याचा मजकूर असतो.

या पत्राचे स्वागत आमच्या लोकांत दोन तऱ्हांनी होते. काहींना ती जाहिरात वाटते आणि पत्र रद्दीत जाते. काहींना तो खर्चाचा नवा सापळा वाटतो आणि पत्र देव्हाऱ्यामागे किंवा कपाटावर जाते. गाडी तर उत्तम चालते आहे, मग ती परत कशाला न्यायची, हा प्रश्न दोघांच्याही मनात असतो. गाडी उत्तम चालत असतानाच हे पत्र का येते, हे समजून घ्यावे म्हणून आम्ही या विषयावरचे बरेचसे वाचन केले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण या एका पानाच्या कागदावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो, हे आता आम्हांस पुरते पटले आहे.

विकलेली गाडी दोषासाठी परत बोलावण्याच्या या प्रकाराला रिकॉल म्हणतात आणि आपल्या वर्तमानपत्रांनीही तोच शब्द रूढ केला आहे. त्याला कायद्याचे बळ प्रथम मिळाले ते अमेरिकेत. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली मोटारींच्या असुरक्षिततेवर एक पुस्तक लिहिले आणि मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६६ साली, तेथील संसदेने वाहनसुरक्षेचा कायदा केला. दोष आढळल्यास तो ग्राहकाला कळविणे बनविणाऱ्यावर बंधनकारक झाले. दोष फुकट दुरुस्त करून देण्याचे बंधन १९७४ साली आले. त्याआधी गाडी विकली की बनविणाऱ्याचा व तिचा संबंध जवळजवळ संपत असे. अपघात झाला तर चालक निष्काळजी, रस्ता वाईट किंवा नशीब खोटे. यंत्राचाही दोष असू शकतो आणि तो बनविणाऱ्याने आपण होऊन सांगितला पाहिजे, ही कल्पना माणसाच्या इतिहासात अगदी अलीकडची आहे.

रिकॉल अनेक कारणांनी होतात, पण आम्हांस त्यांतील एकाच प्रकाराविषयी लिहावयाचे आहे. तो म्हणजे बॉनेटखाली आग लागण्याचा धोका. बॉनेटखालची जागा म्हणजे मोटारीचे स्वयंपाकघरच म्हणावे. स्वयंपाकघरात जसे गॅसची नळी, शेगडी, कढईतले तेल आणि विजेचे बटण अवघ्या चार हातांच्या अंतरात नांदतात, तसेच तेथे पेट्रोलची नळी, इंजिनाचे तेल, ब्रेकचे तेल, विजेच्या तारा आणि लालबुंद तापणारा धूर वाहून नेणारा भाग दाटीवाटीने बसविलेले असतात. प्रत्येक जण आपापल्या जागी असेल तोवर संसार सुरळीत चालतो. एखादी रबरी नळी शेजारच्या लोखंडाला घासू लागली, एखादा पडदा झिजला, एखाद्या तारेचे आवरण सोलले गेले, की तेल आणि आच यांची गाठ पडते. घरातील गॅसची नळी वेळेवर बदलणारी गृहिणी हे चटकन समजू शकेल. नळी फुटेपर्यंत ती थांबत नाही. नळीला वय झाले एवढे कारण तिला पुरेसे असते.

गाडी चालू असताना पेट घेईल हे कोणीही समजू शकतो, पण बंद करून, किल्ली काढून, अंगणात उभी केलेली गाडी पेटते ती कशी? अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या लाखो गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहिला होता. लांबच्या प्रवासात वेग आपोआप कायम राखणारी एक सोय त्या गाड्यांत होती. चालकाने ब्रेक जोराने दाबला की ती सोय बंद व्हावी म्हणून ब्रेकच्या तेलाच्या नळकांड्याला एक छोटासा स्विच जोडलेला असे. त्या स्विचमध्ये एका बाजूला ब्रेकचे तेल आणि दुसऱ्या बाजूला वीज, अशी रचना होती. मध्ये काय, तर कागदासारखे पातळ प्लास्टिकचे पडदे. वर्षानुवर्षे दाब येऊन-जाऊन पडद्यांना चिरा पडत, तेल पाझरून विजेच्या बाजूला जाई, आत गंज धरे, वीज भलत्या वाटेने वाहू लागे आणि स्विच तापत तापत पेट घेई. या स्विचला बॅटरीतून चोवीस तास वीज पोहोचत होती. किल्ली काढल्यानेही ती बंद होत नव्हती. त्यामुळे माणसे घरात निजलेली असताना गॅरेजमधील गाडी पेटावी, असे घडू लागले. तिकडे पुष्कळ घरांना गॅरेज भिंतीला भिंत लावून असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आगीचे भय कळेल.

मे १९९९ मध्ये फोर्डने पहिल्यांदा सुमारे २ लाख ७९ हजार गाड्या परत बोलावल्या. मग २००५, २००६, २००७, २००८ असे करीत ऑक्टोबर २००९ पर्यंत हा आकडा १ कोटी ४० लाखांच्या वर गेला. स्विचच्या वाटेवर फ्यूज असलेली एक तार बसविली की धोका टळत होता. कमी खर्चाचा, कमी वेळाचा आणि मालकाला फुकट असा हा उपाय होता. तरीही फेब्रुवारी २००८ मध्ये तेथील सरकारी सुरक्षा विभागाला जाहीर विनंती करावी लागली, कारण तोवर परत बोलावलेल्यांपैकी सुमारे ५० लाख गाड्या दुरुस्तीविना रस्त्यावर फिरत होत्या. पत्रे बहुतेकांना पोहोचली असणार. ती जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेली असतील, घर बदललेल्यांच्या जुन्या पत्त्यावर पडून राहिली असतील किंवा पुढच्या शनिवारी पाहू म्हणून फडताळावर ठेवली गेली असतील. माणसाचा स्वभाव वसईत एक आणि अमेरिकेत दुसरा असा नसतो.

आता ज्या घटनेने आम्हांस सर्वांत अस्वस्थ केले तिच्याकडे वळतो.

रेचेल आणि जॅकलिन हाउक या दोन सख्ख्या बहिणी. एक २४ वर्षांची, दुसरी २० वर्षांची. ऑक्टोबर २००४ मध्ये आईवडिलांना भेटून त्या कॅलिफोर्नियातील १०१ क्रमांकाच्या महामार्गाने परत निघाल्या होत्या. गाडी भाड्याची होती, एंटरप्राइज या तेथील मोठ्या भाडे-कंपनीची. गाडीचा प्रकार होता क्रायस्लर कंपनीची पी. टी. क्रूझर. धावता धावता बॉनेटखाली आग लागली, स्टेअरिंग हातात राहिले नाही, गाडी दुभाजक ओलांडून पलीकडे गेली आणि समोरून येणाऱ्या अवजड ट्रकवर आदळली. दोघीही जागीच गेल्या.

आता तारखांकडे पाहावे. अपघात ७ ऑक्टोबरचा. क्रायस्लरने या जातीच्या गाड्या परत बोलावल्याची सूचना भाडे-कंपनीला मिळाली होती ती सप्टेंबरात, म्हणजे साधारण एक महिना आधी. सूचनेत दोष स्पष्ट लिहिलेला होता. पॉवर स्टेअरिंगच्या तेलाची नळी शेजारच्या भागाला घासून गळू शकते आणि बॉनेटखाली आग लागू शकते, असे त्यात म्हटले होते. दुरुस्ती फुकट होती. ती होईपर्यंत गाडी चार दिवस उभी ठेवली असती तर भाड्याचे थोडे पैसे बुडाले असते, इतकेच. पण सूचना आल्यानंतरही ती गाडी आणखी तीन गिऱ्हाइकांना देण्यात आली. ते तिघे सुखरूप परत आले. चौथ्या खेपेला त्या दोघी बसल्या.

त्या मुलींना काय ठाऊक असणार? त्यांनी पैसे मोजले, कागदावर सही केली, किल्ली घेतली. गाडी स्वच्छ धुतलेली, चकचकीत. जे ठाऊक होते ते कचेरीतल्या कागदावर होते. ज्याला ठाऊक होते तो गाडीत बसला नाही आणि जे गाडीत बसले त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही या घटनेचा जितका विचार केला तितके हे एकच वाक्य मनात घोळत राहिले.

बायबलच्या निर्गम ग्रंथातील २१ व्या अध्यायात मारक्या बैलासंबंधीचे एक कलम आहे. ते पुष्कळ वाचकांच्या नजरेतून निसटते, कारण दहा आज्ञांनंतर येणारे ते नियम आपण भरभर वाचतो. त्याचा आशय असा. एखाद्याच्या बैलाने कोणाला शिंगावर घेऊन मारले, तर बैलाला शिक्षा आहे, पण मालक निर्दोष आहे. मात्र तो बैल आधीपासून मारका असेल, मालकाला तशी सूचना दिलेली असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मात्र मालकही मृत्यूला जबाबदार आहे. बैल तोच, शिंगे तीच, मरणारा माणूसही तसाच. मग दोन प्रसंगांत फरक कोणता? सूचनेचा. सूचना मिळण्यापूर्वी जे घडते तो अपघात, सूचना मिळाल्यानंतर जे घडते त्याला अपघात म्हणता येत नाही. तीन हजार वर्षांपूर्वी गुरेढोरे राखणाऱ्या लोकांना हा भेद कळला होता. तो आपल्यालाही मोटारींच्या बाबतीत लावता आला पाहिजे.

मुलींच्या आईवडिलांनी दावा लावला. तो वर्षानुवर्षे चालला. मागणी वाढली की परत बोलावलेल्या गाड्याही भाड्याने दिल्या जात, असे त्या भाडे-कंपनीच्याच एका माजी व्यवस्थापकाने शपथेवर सांगितले. अखेरीस कंपनीने आपला निष्काळजीपणा मान्य केला आणि जून २०१० मध्ये पंचांनी दीड कोटी डॉलर नुकसानभरपाई ठरविली. एवढ्यावर दुसरे कोणी थांबले असते. ती आई थांबली नाही. विक्रेत्याने नवी गाडी दुरुस्तीविना विकू नये असा नियम होता, पण भाड्याने देणाऱ्याला तसे बंधन नव्हते, ही कायद्यातील फट तिच्या ध्यानात आली होती. ती बुजविण्यासाठी ती संसदेच्या पायऱ्या झिजवीत राहिली. भाड्याच्या कंपन्यांनी प्रथम विरोध केला. पुढे एंटरप्राइजनेच भूमिका बदलली आणि कायद्याला पाठिंबा दिला, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये कायदा संमत झाला आणि १ जून २०१६ पासून लागू झाला. पस्तीसहून अधिक गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने रिकॉलची सूचना मिळताच ती गाडी उभी करावी, दुरुस्त झाल्याखेरीज कोणालाही देऊ नये, असे त्यात आहे. सूचनेनंतर सर्वसाधारणपणे २४ तासांची आणि फार मोठ्या ताफ्याला ४८ तासांची मुदत आहे. त्या कायद्याला रेचेल आणि जॅकलिन यांचे नाव दिलेले आहे. दोन मुलींच्या नावाचा कायदा होण्याऐवजी त्या दोघी घरी पोहोचत्या तर बरे झाले असते, हे आईच्या मनातले वाक्य आम्ही न ऐकताही ऐकू शकतो.

आपल्या देशात काय आहे? मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंड येथे एक कोरी करकरीत टाटा नॅनो घरी नेत असतानाच पेटली. आतील माणसे सुदैवाने बचावली. नॅनोचे इंजिन मागे असते, म्हणून आगही मागच्या बाजूने निघाली. आणखी काही गाड्यांच्या बाबतीतही असे घडले. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने मालकांच्या गाड्यांत जादा संरक्षक भाग फुकट बसवून देण्याचे जाहीर केले, परंतु हा रिकॉल नव्हे, असेही आवर्जून सांगितले. तो शब्द उच्चारायला बनविणाऱ्याची जीभ अडखळते, कारण त्यात कबुली आहे आणि कबुलीने बाजारात नाव जाते अशी धास्ती आहे. आम्हांस मात्र उलटे वाटते. चूक आपण होऊन सांगणाऱ्या दुकानदाराकडे आपण पुन्हा जातो.

जुलै २०१२ पासून आपल्याकडील मोटार-उद्योगाच्या संघटनेने स्वेच्छेने रिकॉल करण्याची एक आचारसंहिता स्वीकारली. तेव्हापासून लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. उदाहरण द्यायचे तर ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती सुझुकीने ४०,६१८ वॅगन आर गाड्या बोलावल्या. इंधनाची नळी धातूच्या क्लॅम्पला घासते की काय, हे पाहण्यासाठी. पुन्हा तीच घासणारी नळी! त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले. त्यानुसार सरकार बनविणाऱ्याला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले आणि सरकारने हुकूम देऊन करायला लावलेल्या रिकॉलसाठी एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. मात्र हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरते आहेत. आमच्या धर्मग्रामातील अंगणांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या त्याहून वयस्क आहेत आणि पुष्कळशा दुसऱ्या, तिसऱ्या हातातून आलेल्या आहेत. कायदा जेथे संपतो तेथे माणसाची नीती सुरू झाली पाहिजे.

या संदर्भात एक अनुभव सांगतो. आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आपली गाडी विकली होती. एके दिवशी त्यांच्या पत्त्यावर कंपनीचे पत्र आले. इंधनाच्या नळीचा जोड सैल होऊन बॉनेटखाली आग लागू शकते, असे त्यात लिहिले होते. गुरुजींनी पत्र रद्दीत टाकले असते तर त्यांना कोणी नाव ठेवले नसते. गाडी त्यांची राहिलीच नव्हती. ते पत्र घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, “फादर, गाडी दुसऱ्याची झाली, पण निरोप माझ्याकडे आला आहे. तो पोचवायचा राहिला तर मी काय उत्तर देऊ?”

मग शोध सुरू झाला. गुरुजींनी गाडी विकली होती ती नालासोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याला. त्याने ती वर्षभर वापरून एजंटाला दिलेली. एजंटाने आधी दाद दिली नाही. “सर, आता कशाला जुनी प्रकरणं उकरता?” असे त्याचे म्हणणे. जुनी गाडी विकली की मागे कटकट नको, या हिशेबाने तो बोलत होता. गुरुजी रोज सकाळी त्याच्या दुकानासमोर जाऊन बसू लागले. चौथ्या दिवशी त्याने वही काढली. गाडी वाडा तालुक्यातील एका तरुणाकडे निघाली. रविवारच्या मिस्सा आटोपून आम्ही दुपारी गुरुजींसोबत तेथे गेलो. तरुण शेतकरी होता आणि रोज सकाळी पाड्यावरची सहासात मुले त्याच गाडीतून शाळेत सोडत होता.

पत्र वाचून दाखविल्यावर त्याने विचारलेला पहिला प्रश्न आम्हांस अगदी अपेक्षित होता. “काका, खर्च किती येईल?” एक पैसाही नाही, असे गुरुजींनी सांगितल्यावर त्याचा विश्वास बसेना. तेव्हा गुरुजींनी त्याच्याच फोनवरून सर्व्हिस सेंटरला फोन लावला, आर. सी. बुकवरील चॅसी नंबर वाचून दाखविला आणि पलीकडच्या बाईंचे बोलणे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू दिले. दोन दिवसांनी गाडी गेली. तासाभरात जोड बदलला. पुढे काय झाले? काहीच झाले नाही. मुले शाळेत जात राहिली, गाडी चालत राहिली. तो जोड खरोखर सैल होता की नव्हता, हेही कोणी विचारले नाही. सूचना वेळेवर पाळली गेली की तिची गोष्ट होत नाही, वर्तमानपत्रात नाव येत नाही, कायद्याला कोणाचे नाव द्यावे लागत नाही. गुरुजींच्या नऊ दिवसांच्या वणवणीचे फळ म्हणजे हे काहीच न घडणे.

दुरुस्ती एकदा झाली म्हणजे कायमचे निश्चिंत, असेही नाही. जनरल मोटर्स कंपनीने २००९ साली इंजिनातील तेल गळून तापलेल्या भागावर पडते म्हणून सुमारे १५ लाख गाड्या बोलावल्या होत्या. दुरुस्तीनंतरही त्यांपैकी तेराशेहून अधिक गाड्या पेटल्याचे उघडकीस आले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणे धाडावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेतील सुमारे ३४ लाख गाड्या बोलावल्या. दोष होता ब्रेकचे तेल विजेच्या भागात पाझरण्याचा. फोर्डच्या त्या स्विचची आठवण व्हावी असाच. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा, असा सल्ला मालकांना देण्यात आला. आपली मुलेमुली कॅनडा, अमेरिका येथे जुन्या गाड्या घेऊन संसार थाटतात. त्यांना पत्र पाठविताना किंवा फोन करताना एवढे जरूर विचारावे, की गाडी घेताना रिकॉल तपासला होता का? अमेरिकेत गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा नंबर सरकारी संकेतस्थळावर घातला की लगेच कळते.

आता आपल्या घरापुरते थोडे व्यवहाराचे बोलू. आर. सी. बुकवर चॅसी नंबर असतो. तो घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारले की आपल्या गाडीवर काही रिकॉल बाकी आहे का ते सांगतात. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवरही पाहता येते. जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज आणि टायर यांच्याइतकीच ही चौकशी महत्त्वाची मानावी. गाडी विकताना घेणाऱ्याचे नाव आणि फोन जपून ठेवावा, व गाडी त्याच्या नावावर झाली आहे ना, याची खात्री करावी. म्हणजे पुढचे पत्र योग्य दारी जाईल. पेट्रोलचा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, गाडीखाली तेलाचे डाग दिसू लागले, फ्यूज वरचेवर उडू लागला, तर उद्यावर ढकलू नये. बाहेरच्या कारागिराकडून दिवे, भोंगे आणि ध्वनियंत्रे जोडून तारांचे जाळे वाढवू नये. पावसाळ्यात आमच्याकडे उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि तारा कुरतडतात, तेव्हा अधूनमधून झाकण उघडून पाहावे. आणि धूर दिसलाच तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरून दूर जावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. काय जळते ते पाहण्यासाठी बॉनेट उघडण्याचा मोह आवरावा. आत हवा शिरते आणि आगीचा भडका उडतो. सामान काढण्यासाठी मागे फिरू नये. गाडी पुन्हा घेता येते.

शेवटी, आमच्या वाचकांपैकी ज्यांची वाहने भाड्याने जातात त्यांच्याशी थोडे बोलावेसे वाटते. वेलंकणीच्या यात्रेला, लग्नाच्या वऱ्हाडाला, सहलीला, मुलांच्या शाळेला आमची माणसे भाड्याच्या गाड्यांनी जातात. बसताना कोणी गाडीचा इतिहास विचारत नाही. विचारायला हवा, हे खरे, पण त्यांनी विचारले नाही म्हणून सांगणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. हंगाम ऐन भरात असतो, एक दिवस गाडी उभी राहिली तर भाडे बुडते, हप्ता तर भरायचाच असतो. ही अडचण खोटी नाही आणि आम्ही ती हलकी लेखत नाही. एंटरप्राइजच्या त्या कचेरीतही अशीच कोणाची तरी अडचण असणार. पण सूचना हाती आल्यावर गाडी बांधून ठेवलीच पाहिजे. तुमच्या कपाटावर असे एखादे पत्र न उघडता पडले असेल, तर हा अंक खाली ठेवून आधी ते उघडा. गाडी विकली असेल, तर ती ज्याच्याकडे आहे त्याला आजच कळवा. आणि इंग्रजी वाचता येत नसेल, तर आमची ओसरी कोणालाही बंद नाही. आम्ही वाचून दाखवू.